ऑप्टोमेट्रीला जायचंय? मग आधी "का" ते शोधा, आणि ते कसं शोधायचं ते सांगते

नीटचा निकाल लागला की आठवड्याभरात मला ठरलेले मेसेज यायला लागतात. "ताई बी.ऑप्टोम (म्हणजे ऑप्टोमेट्रीची, नजर तपासण्याच्या कामाची डिग्री) कसं आहे", "स्कोप आहे का", "नावापुढे डॉक्टर लागतं का", आणि आईवडलांचे वेगळे, "मॅडम मुलीसाठी बरं आहे का हे फिल्ड". मी दरवेळी उलटा एकच प्रश्न टाकते, की तुला हे का करायचंय, मग समोरून बराच वेळ नुसतं टायपिंग टायपिंग दिसतं आणि शेवटी येतं "असंच, मेडिकल लाईनला जायचंय म्हणून". हे उत्तर खोटं नाहीये, पण मेडिकल लाईनमध्ये पन्नास कोर्स आहेत, फिजिओथेरपी आहे, नर्सिंग आहे, लॅब आहे, रेडिओलॉजी आहे, मग त्यातलं हेच का याचं काहीतरी उत्तर हवं ना. मुलाखतीत विचारतात म्हणून नाही, तिसऱ्या वर्षात कंटाळा येतो तेव्हा स्वतःलाच द्यावं लागतं म्हणून.

तर हे कॉलेजांची यादी वगैरे नाहीये, स्वतःचं कारण कसं शोधायचं, ते खरं आहे का कसं तपासायचं आणि मग दुसऱ्याला नीट कसं सांगायचं एवढंच आहे.

आधी काम काय असतं ते कळू द्या

डोळ्यांच्या क्षेत्रात तीन वेगळी माणसं असतात आणि बाहेर सगळे त्यांना "डोळ्यांचे डॉक्टर" म्हणून एकातच धरतात. एक नेत्रतज्ज्ञ, म्हणजे एमबीबीएस करून पुढे डोळ्यांत एमएस किंवा डीएनबी केलेले, ऑपरेशन करणारे. दुसरा ऑप्टिशियन, जो चष्मा बनवतो, काच कापतो, फ्रेम बसवतो. आणि मधला ऑप्टोमेट्रिस्ट, जो नजर तपासतो, नंबर काढतो, कॉन्टॅक्ट लेन्स बसवतो, डोळ्याचं प्रेशर बघतो, तिरळेपणा आणि दोन डोळ्यांचा ताळमेळ तपासतो, स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रावर, डोळा बघून काही गडबड दिसली की नेत्रतज्ज्ञाकडे पाठवतो. ऑपरेशन करत नाही. हे मी मुद्दाम ठळक सांगते कारण आपल्याकडे डोळे म्हटलं की पहिलं नाव येतं डॉ. तात्याराव लहाने यांचं, लातूर जिल्ह्यातल्या माकेगावातून आलेला माणूस, जे.जे. मध्ये मोतीबिंदूच्या लाखाच्या वर शस्त्रक्रिया, २००८ ला पद्मश्री. त्यांची मुलाखत बघून भारावून जाऊन ऑप्टोमेट्रीचा फॉर्म भरणारी मुलं मला भेटलीयेत. भारावलेपण चांगलंच आहे, पण तुम्हाला जर ते ऑपरेशन टेबलच दिसत असेल तर तो रस्ता एमबीबीएसवरूनच जातो, ऑप्टोमेट्रीतून पुढे कुठलं ब्रिज कोर्स करून तिकडे जाता येत नाही, कोणी तसं सांगून प्रवेश देत असेल तर उठून या तिथून.

दिवस कसा जातो म्हणाल तर सकाळी ओपीडी सुरू झाली की एकामागून एक पेशंट, चार्टवर वाचायला लावायचं, नंबर काढायचा, "ही काच चांगली की ही", "आता एक, आता दोन", हे वाक्य दिवसातून किती वेळा म्हणता त्याला हिशोबच नाही. मध्येच एखादी आजी येते जिला अक्षर ओळख नाही, मग तिच्यासाठी उलटासुलटा ई असलेला चार्ट, बोटाने दाखव आजी पाय कुठल्या बाजूला आहेत. मध्येच दीड वर्षाचं बाळ. मध्येच एक आयटीवाला जो चार ठिकाणी नंबर काढून आलाय आणि चारही कागद टेबलावर ठेवतो आणि म्हणतो आता तुम्ही सांगा बरोबर कुठला. हे सगळं अर्ध्या अंधाऱ्या खोलीत. ज्यांना मोकळ्या हवेतलं काम हवंय त्यांनी हे आत्ताच वाचून घ्या.

मनातली कारणं बाहेर काढा आणि एकेक दाबून बघा

एक वही घ्या, मोबाईलमधल्या नोट्स पण चालतील, आणि जी कारणं डोक्यात आहेत ती लाज न बाळगता लिहा. खरी लिहा, कोणाला दाखवायची नाहीयेत. मग प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा, हे कारण उद्या गायब झालं तरी मी हे काम करेन का.

"नीट लागली नाही म्हणून." बहुतेकांच्या वहीत पहिलं हेच असतं आणि मला त्यात काहीही कमीपणा वाटत नाही, दार कुठलंही असो आत आल्यावर काय करता ते महत्त्वाचं. पण हे आत येण्याचं कारण झालं, आत थांबण्याचं नाही. याच्याखाली दुसरी ओळ लिहिता आली पाहिजे. ती सुचतच नसेल आणि मनात अजून "पुढच्या वर्षी परत नीट देऊ" चालू असेल तर सरळ एक वर्ष तीच द्या, कारण पहिल्या वर्षी ॲनाटॉमी फिजिओलॉजीच्या जोडीला जिओमेट्रिकल ऑप्टिक्सची, म्हणजे प्रकाशकिरण आणि भिंगांची, गणितं असतात आणि ती एका हातात नीटचं पुस्तक धरून होत नाहीत. मी वर्गात अशी मुलं पाहिलीयेत, त्यांचं ना हे होतं ना ते होतं, फी मात्र दोन्हीकडची जाते.

"डॉक्टर म्हणवून घ्यायचंय." हे थोडं नाजूक आहे पण सांगते. ऑप्टोमेट्रिस्ट मेडिकल डॉक्टर नसतो. पेशंट तुम्हाला डॉक्टर म्हणतील, हाक मारतील, ते आपोआप होतं, पण हॉस्पिटलमध्ये रोज तुमच्या शेजारच्या खोलीत एमएस झालेली व्यक्ती बसलेली असणार आणि कागदावर शेवटची सही बऱ्याचदा तिची असणार. याने तुम्हाला रोज टोचणार असेल तर चाळीस वर्षं टोचेल.

"पैसा." सुरुवातीचा पगार बेताचा असतो, हे कॉलेजच्या माहितीपत्रकात कुणी लिहीत नाही. आकडा मी देणार नाही कारण शहराप्रमाणे, हॉस्पिटल का दुकान याप्रमाणे फार बदलतो, तुम्ही तुमच्या गावातल्या दोन-तीन वर्षांपूर्वी पास झालेल्या पोरांना विचारा, कॉलेजने दाखवलेल्या पोस्टरवरच्या टॉपरला नको, साध्या पोरांना. पुढे वाढतो, स्पेशल कॉन्टॅक्ट लेन्स किंवा स्वतःची प्रॅक्टिस असेल तर चांगलाच वाढतो, पण पहिली काही वर्षं सोसावी लागतात. घरी कर्ज काढून फी भरणार असाल तर हे गणित आधी कागदावर करा.

"परदेशात जायचंय." होतं, पण थेट नाही. अमेरिकेत प्रॅक्टिस करायची तर तिथली चार वर्षांची ओडी (डॉक्टर ऑफ ऑप्टोमेट्री) डिग्री आणि मग त्यांच्या बोर्डाच्या परीक्षा, आपली बी.ऑप्टोम दाखवून दुकान उघडता येत नाही. ऑस्ट्रेलियाला त्यांची पात्रता परीक्षा आहे, इंग्लंडला तिथल्या कौन्सिलकडे नोंदणी लागते, दुबईला तिथल्या आरोग्य खात्याची परीक्षा. आखाती देशांत आपली बरीच मुलं आहेत आणि बरी आहेत. पण फक्त परदेशच हवाय आणि डोळ्याशी काही घेणंदेणं नाही असं असेल तर त्याहून सोपे रस्ते आहेत.

"घरचं चष्म्याचं दुकान आहे." हे माझ्या मते सगळ्यात कमी लेखलं जाणारं पण दणकट कारण आहे. वडलांनी तीस वर्षं फ्रेमा विकल्या, नंबर मात्र बाहेरच्या माणसाकडून किंवा नुसत्या मशीनवर काढला, आता मुलगी शिकून आली की तेच दुकान क्लिनिक होतं. अशा मुलांना मुलाखतीत हे सांगायला संकोच वाटतो, धंदेवाईक वाटेल म्हणून. अजिबात संकोच करू नका. गिऱ्हाईक कसं बोलतं, प्रोग्रेसिव्ह लेन्स (लांबचं-जवळचं एकाच काचेत) घेऊन गेलेले काका चौथ्या दिवशी "जिना उतरताना गरगरतं" म्हणून परत का येतात, हे बाकीच्यांना इंटर्नशिपमध्ये कळतं ते तुम्हाला दहावीतच माहीत असतं. फक्त एक गोष्ट बघा, दुकान तुम्हाला हवंय का वडलांना.

"मला स्वतःला लहानपणापासून चष्मा आहे." हे कारण ऐंशी टक्के मुलं सांगतात असं मला वाटतं, मोजलं नाहीये कधी, आणि तसं नुसतं सांगितलं तर ते काहीच नाही, कारण दात किडला म्हणून कोणी डेंटिस्ट होत नाही. पण याच्या आत खणलं तर कधीकधी सोनं निघतं. चौथीत असताना फळ्यावरचं दिसत नव्हतं आणि बाई मला ढ समजत होत्या, पहिल्यांदा चष्मा घातला आणि झाडाला सुटी सुटी पानं असतात हे कळलं, असं काही असेल तर ते लिहा. तपशील खरा असेल तर कारण खरं असतं.

"समाजसेवा." याच्यावर पुढे बोलते, कारण याला नुसतं हो किंवा नाही म्हणून चालत नाही.

एक कारण कुणीच लिहीत नाही आणि मला ते सगळ्यात आवडतं

फिजिक्स. बारावीत प्रकाशाचे धडे आवडले होते का? किरणांच्या आकृत्या काढायला मजा यायची का? मग इकडे नक्की बघा, कारण तेच फिजिक्स इथे हातात येतं. साधं बघा, लेन्सची पॉवर डायॉप्टरमध्ये मोजतात आणि ती म्हणजे मीटरमधल्या फोकल लेंग्थचा व्यस्तांक, हे पाठ केलेलं असतं. आता ज्याला मायनस दोन नंबर आहे त्याला चष्म्याशिवाय साधारण ५० सेंटिमीटरपर्यंतच स्पष्ट दिसणार, मायनस चारवाल्याला २५ पर्यंत. म्हणजे एखादा माणूस पुस्तक किती जवळ धरून वाचतोय ते बघून तुम्ही मनात अंदाज बांधू शकता.

आणि रेटिनोस्कोपी. ही गोष्ट मी प्रत्येकाला सांगते. अंधाऱ्या खोलीत हातातल्या रेटिनोस्कोपने पेशंटच्या बाहुलीत प्रकाशाची उभी पट्टी टाकायची आणि ती हलवायची, आतून परत येणारी लालसर चमक तुमच्या पट्टीच्या दिशेने हलतेय का उलटी हलतेय ते बघायचं. पट्टीच्याच दिशेने हलली तर प्लस काच वाढवत जायची, उलटी हलली तर मायनस, एका क्षणी हलणंच थांबतं आणि पूर्ण बाहुली एकदम उजळते. तुम्ही ६६ सेंटिमीटरवर बसलेले असता म्हणून त्यातून दीड नंबर वजा करायचा, झाला नंबर तयार. पेशंट एक शब्द बोललेला नाही. म्हणजे बोलता न येणारं बाळ, गतिमंद मूल, भाषा न कळणारा मजूर, सगळ्यांचा नंबर निघतो. सुरुवातीला काहीच दिसत नाही, नुसता लाल गोळा दिसतो आणि सगळे शिकताना वैतागतात, मग एके दिवशी दिसायला लागतं आणि तेव्हापासून मशीनपेक्षा स्वतःच्या हातावर जास्त विश्वास बसतो.

मशीनवरून आठवलं, "आता कॉम्प्युटरच नंबर काढतो, तुमची गरज काय" हे तुम्हाला काका, मामा, शेजारी सगळे ऐकवणार आहेत. ऑटोरिफ्रॅक्टर मिनिटात आकडा देतो हे खरंय. पण लहान मूल मशीनमध्ये बघताना डोळ्यावर जोर देतं, आतली लेन्स फुगते आणि मशीन नसलेला मायनस दाखवतं, त्यावर चष्मा दिला की पोराचं डोकं दुखणार. म्हणून तो जोर सैल करणारे थेंब टाकून तपासावं लागतं, आणि तो निर्णय माणूस घेतो. मशीनचा आकडा म्हणजे सुरुवात आहे. एआय येईल, येऊ दे, पण "ही बरी की ती बरी" ला गोंधळणाऱ्या आजीला धीर देऊन खरं उत्तर काढून घेणं हे अजून तरी आपलंच काम आहे.

सेवा म्हणजे नक्की कोणाची, ते नाव गाव सकट लिहा

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या दृष्टीविषयक अहवालात सांगितलं की जगात किमान २२० कोटी लोकांना दृष्टिदोष आहे आणि त्यातल्या किमान १०० कोटींचा टाळता आला असता किंवा अजून त्यावर काही इलाजच झालेला नाही. या दुसऱ्या आकड्यात एक मोठा हिस्सा असा आहे की ज्यांना फक्त चष्मा पाहिजे. औषध नाही, ऑपरेशन नाही, चष्मा. मला कोणी विचारलं की या क्षेत्रात राहायचं कारण काय तर मी हेच सांगते, इतक्या कमी खर्चात इतका फरक पडणारी दुसरी गोष्ट मेडिकलमध्ये फारशी नाही.

आसामच्या चहामळ्यांत एक अभ्यास झाला, २०१८ मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये छापून आला. चाळिशी ओलांडलेले कामगार, पानं खुडणारे, ज्यांना जवळचं धूसर दिसत होतं. अर्ध्यांना जवळचा चष्मा लगेच दिला, अर्ध्यांना नंतर. चष्मा मिळालेल्यांचं रोजचं पानं खुडणं बाकीच्यांच्या तुलनेत जवळपास २२ टक्क्यांनी जास्त वाढलं. साधी चाळिशी हो, आपल्याकडे चौकात मिळते तशी. आता हे आपल्याकडे आणून बघा, येवल्यात पैठणीच्या मागावर बसलेला विणकर, इचलकरंजी भिवंडीचा पॉवरलूमवाला, ब्लाउज शिवणारी मावशी जी सुईत दोरा ओवायला नातवाला बोलावते. पंचेचाळीशीत या लोकांचं काम मंदावतं आणि सगळे म्हणतात वय झालं.

किंवा लहान मुलं घ्या. एका डोळ्याला मोठा नंबर आणि दुसरा चांगला, मूल चांगल्या डोळ्याने सगळं निभावतं, तक्रारच करत नाही, मेंदू दुसऱ्या डोळ्याकडे लक्ष देणं सोडून देतो आणि तो आळशी होतो. सात-आठ वर्षांच्या आत पकडला तर चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून बराच परत आणता येतो, जितका उशीर तितकं अवघड. शाळांमध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून तपासणी होते, पण बीडकडचं ऊसतोडीला गेलेल्या आईबापाबरोबर कारखान्यावर गेलेलं पोर त्या दिवशी शाळेत नसलं की राहून जातं. आणि शहरात उलटं, मोबाईल आणि क्लास आणि घराबाहेर खेळणं बंद, मायनस नंबर लहान वयात लागून भराभर वाढतोय. २०१६ च्या एका गाजलेल्या अंदाजाप्रमाणे २०५० पर्यंत जगातली निम्मी माणसं मायोपिक, म्हणजे मायनस नंबरवाली, असतील. नंबर वाढण्याचा वेग कमी करायचे उपाय आता आलेत, खास लेन्स, कमी ताकदीचे ॲट्रोपिनचे थेंब, आणि दिवसा उजेडात बाहेर खेळणं, आणि हा विषय पुढची काही दशकं ऑप्टोमेट्रिस्टच्याच गळ्यात पडणार आहे.

मग लो व्हिजन आहे, जिथे नजर परत येणार नाही हे माहीत असतं आणि उरलेल्या नजरेत माणसाचं काम कसं चालेल ते बघायचं असतं. रेटिनायटिस पिगमेंटोजासारख्या आजारात आधी रातांधळेपणा येतो मग बाजूचं दिसणं कमी होत जातं, आणि आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करायची पद्धत आहे तिथे असे आनुवंशिक आजार जास्त दिसतात. अशा मुलाला भिंगाने वर्तमानपत्र वाचायला शिकवणं हे काम सगळ्यांना झेपत नाही, कारण समोर रडणारे आईवडील असतात आणि "बरं होईल ना" याला तुम्हाला खोटं उत्तर देता येत नाही. केराटोकोनस आहे, ॲलर्जीने डोळे चोळून चोळून बुबुळ शंकूसारखं पुढे येतं, चष्म्याने नीट दिसत नाही, मग स्क्लेरल लेन्स, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी मोठी कॉन्टॅक्ट लेन्स, बसवायची. ते फार नाजूक काम आहे आणि ज्यांना हाताने बारीक काम आवडतं त्यांच्यासाठी आहे.

तर "समाजसेवा करायची आहे" च्या जागी यातलं एक लिहा. सगळी नकोत, एक. ज्याचं वाचताना तुम्हाला कोणीतरी ओळखीचं आठवलं ते.

आता जाऊन बघा, हे सगळ्यात महत्त्वाचं

घरात बसून हे ठरत नाही. तुमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी असतात, त्यांना जाऊन भेटा, सकाळी गर्दीत नको, दुपारी जा, आणि विनंती करा की सर मी एक दिवस नुसता बाजूला उभा राहून बघू का. बहुतेक लोक हो म्हणतात, आपल्या कामात कोणी रस घेतोय याचं त्यांनाही बरं वाटतं. शहरात असाल तर ट्रस्टची मोठी डोळ्यांची हॉस्पिटलं असतात, पुण्यात ह. वि. देसाई नेत्र रुग्णालय आहे, त्यांची खेड्यापाड्यात शिबिरं होतात. गावात गणपती मंडळाचं नाहीतर लायन्स क्लबचं नेत्र तपासणी शिबिर लागलं की स्वयंसेवक म्हणून घुसा, रांग लावा, नावं लिहा. आणि एक दिवस मॉलमधल्या किंवा बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात पण काढा, कारण नोकऱ्यांचा फार मोठा भाग तिथे आहे आणि तिथे रविवारी सुट्टी नसते, विक्रीचं टार्गेट असतं, नंबर काढून झाला की महागडी काच सुचवावी लागते. ज्याला ते जमतं त्याला जमतं, मला नाही जमलं, माझ्या मैत्रिणीला मात्र फार आवडतं आणि ती माझ्यापेक्षा जास्त कमावते.

तिथे काय बघायचं? मशीन बघू नका, मशीन सगळ्यांनाच भारी वाटतात. विसाव्या पेशंटच्या वेळी तपासणाऱ्याचा आवाज कसा आहे ते बघा. म्हातारा माणूस तीच ओळ चौथ्यांदा चुकवतो तेव्हा तुम्हाला स्वतःला काय वाटतं ते बघा, वैताग येतो का कुतूहल वाटतं की हा इथेच का अडतोय. कुतूहल वाटत असेल तर तुम्ही आमच्यातले आहात. कंटाळून मोबाईल काढावासा वाटला तरी वाईट वाटून घेऊ नका, एका दिवसात चार वर्षं वाचली. आणि घरी आल्यावर त्याच रात्री लिहून काढा काय आठवतंय, दुसऱ्या दिवशी पॉलिश झालेलं आठवतं.

मुलाखतीत आणि अर्जात कसं सांगायचं

काही ठिकाणी नुसत्या मार्कांवर प्रवेश होतो तिथे हा प्रश्नच नाही. पण चेन्नईचं एलिट स्कूल ऑफ ऑप्टोमेट्री, जे शंकर नेत्रालयाने १९८५ ला सुरू केलं, किंवा हैदराबादला एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेचं, अशा ठिकाणी स्पर्धा असते, आणि कुठेही गेलात तरी पुढे नोकरीला, फेलोशिपला, मास्टर्सला हा प्रश्न फिरून येतोच.

"मला लहानपणापासून डोळ्यांविषयी आकर्षण आहे आणि मला मानवजातीची सेवा करायची आहे." हे वाक्य ऐकलं की समोरचा पेन खाली ठेवतो. याच्या ऐवजी असं काहीतरी, "माझी आजी सोलापूरला चादरीच्या कारखान्यात होती, पन्नाशीत दिसत नाही म्हणून काम सोडलं, नंतर शिबिरात कळलं की नुसता जवळचा नंबर होता. मी मागच्या महिन्यात ग्रामीण रुग्णालयात जाऊन बघितलं, तिथे अशा चार बायका एकाच सकाळी आल्या. मला हे काम शिकायचंय." हे माझ्या मनाने बनवलेलं आहे, उचलू नका, तुमचं लिहा, पण घडण बघा, एक माणूस, एक गोष्ट स्वतः जाऊन पाहिलेली, आणि मग सरळ वाक्य. त्यात "पॅशन" हा शब्द कुठेच नाहीये.

नीटचं विचारलं तर लपवू नका. "नीट दिली होती, एमबीबीएसला पुरले नाहीत मार्क, मग हे शोधलं, जाऊन बघितलं आणि त्यात हे आवडलं" एवढं पुरे. मुलाखत घेणाऱ्यांना माहीत असतंच. ऑपरेशन करता येणार नाही हे चालेल का, असा उपप्रश्न हमखास येतो, त्याचं उत्तर आधी स्वतःला देऊन जा.

कारण पक्कं झालं की मग कॉलेज बघा

कोर्स आजवर बहुतेक ठिकाणी चार वर्षांचा होता, तीन वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप, बारावी सायन्स लागतं. काही कॉलेजं पीसीबी मागतात काही पीसीएम पण घेतात, आणि प्रवेशाचे आणि कालावधीचे नियम सध्या बदलाच्या फेऱ्यात आहेत म्हणून त्या वर्षीचं नोटिफिकेशन स्वतः वाचा, मागच्या वर्षीच्या ताईचं ऐकू नका, माझंही नको. २०२१ मध्ये केंद्राने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, त्यात ऑप्टोमेट्रिस्टचा समावेश आहे आणि डिग्रीवाल्या हेल्थकेअर प्रोफेशनलसाठी किमान ३,६०० तासांचं शिक्षण धरलंय. त्यामुळे सहा महिन्यांत ऑप्टोमेट्रिस्ट बनवतो म्हणणाऱ्या जाहिराती दिसल्या की पुढे चला.

महाराष्ट्रात मुंबईला जुहूचं लोटस कॉलेज आहे, पुण्यात भारती विद्यापीठाचं आहे, बाकी पण बरीच झालीत आता. कुठलंही असो, इमारत बघून भुलू नका, तिथल्या शेवटच्या वर्षाच्या पोरांना कँटीनमध्ये गाठून विचारा की तुम्हाला स्वतःच्या हाताने रेटिनोस्कोपी कितव्या सेमिस्टरला करायला मिळाली, ओपीडी रोज असते का, इंटर्नशिपला कुठे पाठवतात, आणि लो व्हिजन, कॉन्टॅक्ट लेन्स, लहान मुलांचा विभाग खरंच चालतो का फक्त बोर्डवर आहे. तुमच्या वहीत जे एक कारण लिहिलंय त्याचा विभाग त्या कॉलेजात नसेल तर दुसरं बघा. म्हणजे मायोपियावर काम करायचंय आणि तिथे लहान मुलं येतच नाहीत तर काय शिकणार.

घरच्यांचं काय, ते वेगळं प्रकरण आहे. "चष्म्याच्या दुकानात काम करायला डिग्री कशाला" असं वडील म्हणणार, त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांना नंबर तपासायला एखाद्या चांगल्या ऑप्टोमेट्रिस्टकडे घेऊन जा, चाळिशी पार केलेल्या माणसाने तसंही डोळ्याचं प्रेशर आणि पडदा तपासून घ्यायलाच हवा, काचबिंदू सहसा गुपचूप येतो आणि शुगर असेल तर पडद्याचं बघणं जास्तच गरजेचं. तिथे अर्धा तास पूर्ण तपासणी होताना त्यांनी स्वतः अनुभवली की त्यांचे अर्धे प्रश्न तिथेच सुटतात, उरलेले त्या ऑप्टोमेट्रिस्टला विचारू द्या, पगाराचा पण, तुमच्यापेक्षा ते मोकळेपणाने विचारतील. एवढं करून अजून कोणाला काही शंका असेल तर कमेंटमध्ये टाका, फक्त "स्कोप आहे का" विचारायच्या आधी तुमच्या वहीतलं कारण लिहा.